घोड्यावर न बसता घोड्यांच्या जगात पोट भरता येतं का?

कोपऱ्यातला

नमस्कार मंडळी,

माझी भाची १९ वर्षांची आहे. लहानपणापासून घोड्यांच्या मागे वेडी. जॉकी व्हायचं ठरवून बसली होती, पण गेल्या तीन वर्षांत उंची अशी काही वाढली की तो विषय आपोआप मिटला. पशुवैद्यकाच्या प्रवेशाला गुण कमी पडले. रायडिंग शिकवायला तयार आहे, पण तिथे आधीच रांग आहे असं तीच सांगते. घरात आता रोज एकच खडाजंगी. आमची ताई म्हणते बँकेच्या परीक्षा दे, ही म्हणते तबेल्यात झाडू मारीन पण घोडा सोडणार नाही.

मला घोड्यातलं काडीचं कळत नाही. म्हणून विचारतो : जॉकी, डॉक्टर आणि शिक्षक हे तीन सोडून घोड्याच्या आसपास कोणती कामं असतात? ज्यांनी स्वतः केली आहेत किंवा जवळून पाहिली आहेत त्यांनीच लिहावं ही विनंती. गूगल मीही करू शकतो.

नाल_आणि_खिळा

मामा, झाडू मारायची तयारी आहे ना तिची? मग ताईंना सांगा, पोरगी कामाची आहे.

मी नालबंद. २२ वर्षं हेच करतोय. लोकांना वाटतं हा धंदा टांग्याबरोबर गेला. अहो, टांगे गेले, खूर कुठे गेले? खूर महिन्याला पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. नाल असो नसो, सहा-आठ आठवड्यांनी कुणीतरी येऊन तो कापून, कानस मारून सारखा करावाच लागतो. घोडा शर्यत हरला, मालक कर्जात बुडाला, तरी खूर वाढतोच. एकदा तबेला हातात आला की वर्षाची कामं आधीच वहीत लिहून ठेवता येतात. असं गिऱ्हाईक किती धंद्यांत मिळतं सांगा.

आता कामातली गोम. नालेचा खिळा दोन्हीकडून सारखा नसतो. टोकाजवळ एका अंगाने तासलेला असतो. ती तासलेली बाजू आत ठेवून ठोकला की खिळा वर जाता जाता बाहेर वळतो आणि खुराच्या भिंतीतून टोक काढतो. ते टोक मोडायचं, वाकवायचं, घासायचं. खिळा उलटा धरलात तर तो आत वळतो, जिवंत भागात. मी शिकत होतो तेव्हा आमचे उस्ताद पाठ करून बसायचे, दुसऱ्या कामात असायचे, आणि मध्येच म्हणायचे, "काढ तो." बघितलेलं नसायचं. नुसतं ऐकून. कडक भिंतीतून जाणारा खिळा टणटण वाजतो आणि ठोक्यागणिक सूर चढतो. मऊ जागी शिरला की आवाज बसतो. हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

वाईट बाजूही ऐका. माझं वय ४५, कंबर ६५ची. दोन बोटं मोडून जोडलेली आहेत, एका गुडघ्यावर टापेचा ठसा आहे. मुलीचं काम नाही असं कुणी सांगितलं तर मात्र ऐकू नका. घोडा अंगावर रेलला की ५०० किलोपुढे पैलवानही तेवढाच आणि पोरगीही तेवढीच. कुठे उभं राहायचं ते कळलं पाहिजे.

प्रश्नचिन्ह

बाळबोध प्रश्न : खिळे मारताना घोड्याला दुखत नाही?

नाल_आणि_खिळा

नखं कापताना दुखतं का तुम्हाला? तसंच. चुकीच्या जागी गेला तर मात्र तिथल्या तिथे पाय ओढतो. कधी कधी ओढतही नाही आणि दोन दिवसांनी लंगडतो, आत पू झालेला असतो. मग मालकाचा फोन येतो. ते फोन मी विसरलेलो नाही.

मधली_दाढ

माझं काम ऐकून लोक हसतात : मी घोड्यांचे दात घासते. ब्रशने नव्हे, लांब दांड्याच्या कानशीने, आणि हल्ली यंत्राने.

घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून वर सरकत असतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर. चरताना ते झिजतात, म्हणून हिशेब बरोबर राहतो. पण वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे झीज सगळीकडे सारखी होत नाही. वरच्या दाढांच्या गालाकडच्या कडेला आणि खालच्या दाढांच्या जिभेकडच्या कडेला सुळक्यांसारखी धार येते. गाल आतून फाटतो. मालकाला मात्र एवढंच दिसतं की घोडा लगाम धरत नाही, डोकं झटकतो, वजन उतरलंय. मी गेल्यावर आधी तोंड उघडत नाही, गव्हाणीच्या खाली बघते. अर्धवट चावलेल्या गवताचे ओले, लांबट गोळे पडलेले असतील तर निदान तिथेच झालं.

कोपऱ्यातलादादा, एक नीट तपासून घ्या. कायदा प्रत्येक देशात वेगळा आहे. बऱ्याच ठिकाणी गुंगीचं इंजेक्शन फक्त पशुवैद्यच देऊ शकतो, दात उपटणं तर त्याच्याशिवाय शक्यच नाही. म्हणजे आमच्यासारख्यांना एखाद्या डॉक्टरशी जोडी जमवूनच चालावं लागतं. माझी डॉक्टर आणि मी आठ वर्षं एकाच गाडीतून फिरतो. भांडतोही तेवढंच.

हिशेबनीस

सगळं छान चाललंय, पण धाग्याच्या शीर्षकात पोट भरण्याचा उल्लेख आहे म्हणून मध्ये पडतो. मी घोडेवाल्यांचे हिशेब लिहितो. माझा अनुभव असा की या धंद्यात जो घोडा पाळतो तो पैसे घालवतो आणि जो घोड्याला काहीतरी विकतो तो कमावतो.

दरवर्षी कुणीतरी हौशी माणूस येतो आणि म्हणतो, चांगली घोडी घेतली आहे, शिंगरं काढून विकणार. घोडी गाभण राहते साधारण ३४० दिवस. एका वेळी एक शिंगरू. जुळं राहिलं तर आनंद नको, संकट समजा. बहुतेकदा दोन्ही जातात, म्हणून डॉक्टर सुरुवातीलाच सोनोग्राफीत बघून एक गर्भ काढून टाकतात. त्या ३४० दिवसांत खाणं, खूर, दात, लस, डॉक्टर. शिंगरू झालं तरी दोन-तीन वर्षं खोगीर चढत नाही. तोवर खर्च चालूच.

आणि मोठी किंमत म्हणजे मोठा घोडा असंही नाही. २००६ साली अमेरिकेत 'द ग्रीन मंकी' नावाचं दोन वर्षांचं शिंगरू लिलावात १.६ कोटी डॉलरला गेलं. तीन शर्यती धावला, एकही जिंकला नाही. १९८३ साली 'स्नाफी डान्सर' १ कोटीवर डॉलरला गेला आणि एकाही शर्यतीत उतरलाच नाही, पुढे शिंगरंही जेमतेम झाली. या दोन्ही व्यवहारांत लिलाव करणाऱ्याचं, वाहतूकवाल्याचं, विमावाल्याचं बिल मात्र चुकतं झालंच असणार. आपली भाची कोणत्या बाजूला असावी ते तुम्हीच ठरवा.

खोगीरभरती

हिशेबनीसांना +१. (माझ्या आयडीवर विनोद करून झाले आहेत, नवीन सुचला तरच लिहा.)

मी खोगीर बसवून देतो. खोगीर बनवणारे वेगळे, मी घोड्याच्या पाठीवर ते बसतंय का ते बघणारा. पाठ ऋतूनुसार बदलते, कामानुसार बदलते, वयानुसार खचते. खोगीर आहे तेच राहतं. त्यामुळे वर्षातून एक-दोनदा माझ्यासारख्याला बोलवावं लागतं.

एक प्रसंग सांगतो. नाठाळ म्हणून विकायला काढलेली घोडी. चढलं की पाचव्या मिनिटाला पाठ कमानीसारखी करून उसळायची. तिघांना पाडलं होतं. मी आधी खोगीर न चढवता नुसती पाठ पाहिली. खांद्यामागे दोन्हीकडे रुपयाएवढे पांढरे केस, काळ्या घोडीवर. तिथे इतका काळ दाब पडला होता की केसांचा रंगच मेला. मग अर्धा तास पळवून आणली आणि खोगीर काढलं. पाठ घामाने भिजलेली, आणि त्याच दोन जागा कोरड्याठाक. दाबामुळे तिथला घामही येत नव्हता. खोगीर पोटाशी धरून दोन्ही हातांनी दाबलं तर आतून कर्रकन आवाज आला. आतला सांगाडा तडकलेला. घोडी वर्षभर हे सांगत होती आणि लोक तिला चाबूक दाखवत होते.

दुसरं खोगीर टाकलं. लगेच देवगुणी झाली असं नाही. दोन-तीन महिने तंग आवळताना कान मागे टाकायचीच. दुखणं गेलं तरी धास्ती राहते.

प्रश्नचिन्ह

कोटी डॉलरचा घोडा नेतात कसा हो? ट्रकने?

सामान_वर्ग

ट्रकने, जहाजाने, आणि आमच्याबरोबर विमानाने. मी मालवाहू विमानात घोड्यांबरोबर जाणारा मोतद्दार आहे. असा पेशा असतो हे मलाही हातात पडेपर्यंत माहीत नव्हतं.

घोडे जमिनीवरच पेटीसारख्या स्टॉलमध्ये चढतात, मग अख्खी पेटी उचलून विमानात सरकवतात. एका पेटीत तीन मावतात. मालक सैल हाताचा असेल तर तेवढ्याच जागेत दोन, म्हणजे ऐसपैस. वळू (खच्ची न केलेले नर घोडे) पुढे, घोड्या मागे. उलट केलं तर घोडीचा वास वळूच्या नाकात जातो आणि पुढचे दहा तास तुमचे. वैमानिकाला घोडे आहेत हे माहीत असतं, तो चढताना-उतरताना हात हलका ठेवतो. धावपट्टीवर वेग यायला लागला की घोडा चारही पाय थोडे फाकवतो. मी त्या वेळी मानेवर हात ठेवून उभा असतो. हाताखालचा स्नायू आधी दगड होतो, विमान सरळ झालं की हळूहळू सुटतो. तो सुटला की मगच मी बसतो. बहुतेक घोडे तासाभरात गवत ओढायला लागतात. माणसंच जास्त रडतात विमानात.

खरी भीती उतरल्यावर असते. घोड्याने डोकं खाली घातलं तरच श्वासनलिकेतला कफ-कचरा बाहेर येतो. तासन् तास डोकं वर बांधलेलं राहिलं की तो फुप्फुसात जातो आणि ताप भरतो. म्हणून वाटेत जमेल तेव्हा दोर सैल करून डोकं खाली घेऊ द्यायचं, आणि पोचल्यावर दोन-तीन दिवस रोज ताप बघायचा. हे काम ग्लॅमरचं नाही, थर्मामीटरचं आहे.

सामान_वर्ग

एक राहिलं. भाचीला घोड्याजवळ राहायचं असेल पण अंगमेहनत झेपली नाही, तर घोड्यांची कागदपत्रं हा स्वतंत्र धंदा आहे. स्पर्धेच्या घोड्याला पासपोर्ट असतो, शरीरावरच्या खुणा आणि भोवऱ्यांच्या आकृतीसह. प्रत्येक देशाच्या रक्तचाचण्या वेगळ्या, विलगीकरणाचे दिवस वेगळे. एक शिक्का चुकला तर घोडा धावपट्टीवर अडकतो. किती कडक असतं याचा नमुना : १९५६चं ऑलिंपिक मेलबर्नला झालं, पण ऑस्ट्रेलियाच्या विलगीकरणाच्या नियमांमुळे घोडेस्वारीचे सामने जूनमध्येच स्टॉकहोमला उरकावे लागले. २००८ला बीजिंगचे घोडे हाँगकाँगला खेळले. अख्खं ऑलिंपिक हलतं तिथे तुमच्या-आमच्या घोड्याची काय कथा.

लस_बिस

माझ्या क्षेत्रातल्या संधीचा उल्लेख अजून कुणी केला नाही. सर्पदंशावर जे प्रतिविष देतात ते आजही प्रामुख्याने घोड्यांमुळेच मिळतं. घोड्याला विषाची अगदी बारीक मात्रा टोचतात, हळूहळू वाढवत नेतात. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून त्यातला प्लाझ्मा वेगळा करायचा, आणि तांबड्या पेशी पुन्हा घोड्यालाच परत द्यायच्या. १८९०च्या दशकात घटसर्पाच्या सीरमपासून हे सुरू झालं, त्या कामासाठी बेरिंग यांना १९०१ सालचं, म्हणजे वैद्यकातलं पहिलंच, नोबेल मिळालं.

मी वैज्ञानिक नाही. मी घोड्यांची नोंद ठेवतो. रोजचं तापमान, वजन, टोचलेल्या जागेची सूज, रक्तातल्या पेशींचं प्रमाण, मागच्या वेळी किती काढलं, पुढच्या वेळी काढायचं की विश्रांती. कंटाळवाणं वाटेल. पण १९०१ साली सेंट लुईसला जिम नावाच्या घोड्याच्या सीरममध्ये धनुर्वाताचं विष निघालं. घोड्याला धनुर्वात झाल्याचं लक्षात आलं, त्याला मारलंही, पण त्याआधी काढलेलं रक्त वापरात गेलं होतं. १३ मुलं दगावली. पुढच्या वर्षी अमेरिकेत अशा औषधांवर देखरेखीचा कायदा आला. म्हणूनच आमच्याकडे घोड्याची वही हे अर्धं औषध मानतात. आमचे साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी जिमचीच गोष्ट सांगतात.

रानवाट

लस_बिस, क्षमा करा, पण घोड्याचं रक्त काढण्याला 'संधी' म्हणायचं का? गाभण घोड्यांचं रक्त काढतात तेही मग संधीच. साधारण ४० ते १२० दिवसांच्या गाभणपणात त्यांच्या रक्तात एक संप्रेरक असतं, ते डुकरं-मेंढ्या एकदम माजावर आणायला वापरतात. त्या घोड्यांचे हाल जाऊन बघा. १९४२पासून विकली जाणारी 'प्रेमारिन' ही बायकांसाठीची संप्रेरकाची गोळीच बघा, तिचं नावच 'गाभण घोडीचं मूत्र' या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलंय. मुलगी घोड्यावरच्या प्रेमापोटी येतेय आणि तुम्ही तिला हे दाखवताय.

लस_बिस

राग समजतो. गाभण घोड्यांच्या रक्ताबद्दल तुमच्याशी मी भांडणार नाही, त्यातलं बरंच मलाही पटत नाही. पण साप चावलेल्या माणसासमोर उभं राहून हा वाद घालता येत नाही. प्रयोगशाळेत घोड्याशिवाय प्रतिपिंडं बनवण्याचं काम जगभर चालू आहे. ते पूर्ण झालं आणि माझी नोकरी गेली तर मी पेढे वाटीन. तोवर या घोड्यांजवळ घोडा कळणारा माणूस असलेला बरा, की न कळणारा?

रानवाट

कळणारा. पण त्याला रात्री झोप लागू नये.

लस_बिस

लागत नाही फारशी.

गजकरी

वातावरण जरा हलकं करतो. मी व्हायोलिनच्या गजाला केस बांधतो. एका गजाला घोड्याच्या शेपटीचे दीडशे ते दोनशे केस लागतात. मंगोलिया, सायबेरियासारख्या थंड भागातल्या केसांना मान आहे. वळूच्या शेपटीला जास्त भाव, कारण साधं आहे : घोडीची शेपटी मूत्राने भिजत राहते, केस कमकुवत होतो.

आमच्याआधी एक माणूस असतो जो दिवसभर फक्त केस निवडतो. खिडकीजवळ बसून जुडीतला एकेक केस बोटांतून ओढायचा. गाठ लागली, चपटा लागला, रंग पिवळट निघाला की बाजूला. जुडीतला बराचसा भाग बादच होतो. त्या माणसाने आयुष्यात घोड्याला हात लावलेला नाही, पण केसावरून हा घोडा आजारी होता का ते सांगतो. (खरं सांगतो की फेकतो, देव जाणे. पण अजून कुणी खोटं पाडलेलं नाही.)

जोडधंदा म्हणून मी आणखी एक करतो. घोडा गेला की मालक शेपटीची बट पाठवतात, मी तिचं वेणी घातलेलं कडं करून देतो. पहिल्यांदा विचित्र वाटलं होतं. आता वर्षाचं निम्मं उत्पन्न त्यातून येतं. केस मी आधी तीन पाण्यांतून धुतो. पहिल्या पाण्याला तबेल्याचा वास असतो. एका बाईंनी कळवलं होतं, धुऊ नका.

खतावणी

आता माझी पाळी. नाक धरून वाचा.

४५०-५०० किलोचा घोडा दिवसाला २० ते २५ किलो लीद टाकतो. त्यात खाली अंथरलेला भुसा मिसळतो. वीस घोड्यांच्या तबेल्यात आठवड्याला किती झाली ते हिशेबनीस सांगतील. तबेलेवाल्याला ती नकोशी असते, मळेवाल्याला हवी असते, आणि मध्ये मी. दोघांकडून पैसे घेतो. अळंबी पिकवणारे तर घोड्याच्या लिदेवर पिढ्यान् पिढ्या काम करताहेत.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक, ढीग नीट तापला पाहिजे. आत ५५ ते ६५ अंश उष्णता काही दिवस टिकली आणि ढीग उलथापालथ झाला तरच तणाचं बी आणि जंतांची अंडी मरतात. नाहीतर तुम्ही मळेवाल्याला तण विकत असता. लाकडाचा भुसा जास्त असेल तर तो कुजता कुजता जमिनीतलाच नत्र खातो, त्याला वेळ द्यावा लागतो.

दुसऱ्यात मी स्वतः तोंडावर आपटलोय. कुरणातल्या रुंद पानांच्या तणावर मारायची काही औषधं अशी आहेत की गवतातून घोड्याच्या पोटात जातात, लिदेतून बाहेर येतात, खत होऊनही मरत नाहीत. घोड्याला काही होत नाही. माझ्या गिऱ्हाइकाच्या टोमॅटोची पानं मात्र नेच्यासारखी गुंडाळत वर गेली. सगळा वाफा. भरपाई दिली. तेव्हापासून नव्या तबेल्याची लीद आली की आधी कुंडीत घेवडा लावून तीन आठवडे बघतो. पान वाकडं आलं की ढीग परत.

हिशेबनीस

आठवड्याला साधारण तीन टन, भुसा सोडून. पूर्ण धाग्यात धंद्याची भाषा बोलणारा हा एकच माणूस भेटला.

गजकरी

आणि मी?

हिशेबनीस

तुम्ही कलावंत. तुमची बिलं मी पाहिली तर मला त्रास होईल.

पायरीपायरी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझं एक उपकरण चार पायांचं आहे.

चालणाऱ्या घोड्यावर बसलं की आपलं कंबरेचं हाड पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि थोडं गोल असं हलतं, जवळजवळ आपण स्वतः चालताना हलतं तसं. ज्या मुलाने कधी पाऊल टाकलेलं नाही त्याच्या शरीराला चालणं कसं असतं ते असं कळतं. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचं नाव या क्षेत्रात सगळे घेतात. १९४४ला पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय गेले. घोड्यावर चढवायला माणूस लागायचा. १९५२च्या ऑलिंपिकला ड्रेसाजमध्ये (घोड्याकडून शिस्तीत, तालात चाली करून घ्यायची स्पर्धा) रौप्य मिळवलं, पुरुषांबरोबर खेळून. त्यानंतर युरोपात या उपचाराकडे लोक गंभीरपणे पाहायला लागले.

भाचीला यात यायचं असेल तर स्पष्ट सांगते : आधी फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, मग घोडा. दोन दिवसांचा कोर्स करून 'घोडा-थेरपी'ची पाटी लावणारे वाढलेत, त्यांच्यापासून लांब. पदवी नको असेल तर दुसरी जागा आहे, घोडा धरणाऱ्याची. ती कमी समजू नका. माझ्या सत्रात मुलाकडे माझं लक्ष, घोड्याकडे तिचं. घोडाही थकतो या कामाने. तोल जाणारं ओझं सांभाळत अर्धा तास गोल फिरायचं. कान मागे जायला लागले, शेपटी फटकारायला लागली, की धरणारी नुसती मान हलवते आणि मी सत्र थांबवते, पालक कितीही नाराज झाले तरी.

शेवटची_फेरी

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मी मेलेले घोडे उचलतो. ट्रक, विंच, ताडपत्री. इंजेक्शन देऊन झोपवलेला घोडा कुठेही पुरता येत नाही, ते औषध शरीरात तसंच राहतं. कुत्र्याने, गिधाडाने खाल्लं तर तेही मरतं. त्यामुळे नियमाप्रमाणे विल्हेवाट लावणारा कुणीतरी लागतो आणि मालकाला त्या क्षणी काही सुचत नसतं.

कामाचा तांत्रिक भाग महिन्याभरात येतो. बाकीचं : गाडी तबेल्याच्या मागून घ्यायची. विंच सुरू करण्याआधी मालकाला आत पाठवायचं, काहीतरी कारण काढून. गळ्यातलं काढून हातात द्यायचं. सोबतचा घोडा असेल तर त्याला आधी हुंगू द्यायचं, घाई करायची नाही. नाहीतर तो पुढे कित्येक दिवस हाका मारत राहतो.

हा धंदा कुणाला सुचवत नाही. असतो एवढंच सांगितलं.

कोपऱ्यातला

सगळ्यांचे प्रतिसाद भाचीला वाचून दाखवले. शेवटच्या_फेरीपाशी तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचला. मग बराच वेळ बोलली नाही.

तिचे प्रश्न : १) ज्या घोड्यांचे भ्रूण दुसऱ्या घोडीत वाढवतात तिथे डॉक्टर नसलेल्यांना काम असतं का? २) नाल_आणि_खिळा यांच्याबरोबर काही दिवस जाता येईल का?

हिशेबनीस

पहिल्याचं मी सांगतो, दोन अशा केंद्रांचे हिशेब बघतो. असतं. दुसऱ्याचा गर्भ वाढवणाऱ्या घोड्यांचा मोठा कळप सांभाळावा लागतो, कोणती कधी माजावर येते याची रोजची नोंद, सोनोग्राफीला घोडी उभी करणं. पोलोमध्ये तर क्लोनपर्यंत गाडी गेली आहे. पहिला क्लोन घोडा २००३ला इटलीत जन्मला, प्रोमेतेया. जिची पेशी घेतली तिच्याच पोटी. २०१६ला पोलोपटू आदोल्फो काम्बियासो अर्जेंटिना ओपनची अंतिम लढत क्वार्तेतेरा या एकाच घोडीच्या सहा क्लोनवर बसून खेळले. मात्र शर्यतीच्या थरोब्रेडमध्ये यातलं काहीच चालत नाही. कृत्रिम रेतनसुद्धा नोंदणीला बाद. म्हणून तिथले काही वळू अर्धं वर्ष उत्तर गोलार्धात, अर्धं दक्षिणेत अशी विमानवारी करतात. म्हणजे फिरून सामान_वर्गाचाच फायदा.

नाल_आणि_खिळा

दुसऱ्याचं : पाठवा. व्यनि (खासगी निरोप) केला आहे. पोलादी टोकाचे बूट, केस बांधलेले, कानात-बोटात काही नको. पहिले तीन दिवस हातोडा मिळणार नाही, नुसते पाय धरायचे.

कोपऱ्यातला

अपडेट. भाची अकरा दिवस जाऊन आली. मांड्यांवर दोन्हीकडे निळे डाग आहेत, कारण मागचा पाय मांडीवर घ्यावा लागतो म्हणे. ताईने डाग पाहिले आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बँकेच्या परीक्षेचा अर्जही भरून ठेवला आहे, तारीख अजून गेलेली नाही.

काल भाचीने मला एक आवाजाची क्लिप पाठवली. चार खिळे ठोकल्याचा आवाज, एकामागून एक. खाली लिहिलंय, "मामा, यातला कोणता चुकला ते ओळख." मी सहा वेळा ऐकली, हेडफोन लावूनही. मला चारही सारखेच वाटले. खाली चिकटवतो आहे.

नाल_आणि_खिळा

तिसरा. तो तिने मी सांगायच्या आत स्वतःच काढला होता.